बोअर क्रमांक सात

पहिले तीन इंच डांबर.
मग खडी. मग पुन्हा डांबर, जुनं, भुसभुशीत,
आणि त्याखाली विटांचा चुरा.
इथे पाडलेली इमारत तिच्याच तळघरात पुरतात,
वरून रोलर फिरवतात, पांढरे पट्टे ओढतात
आणि तासाला दोन डॉलर लावतात.

टोलेडो, ओहायो. मार्चचा दुसरा आठवडा.
मी मातीचे नमुने काढते, माझं काम एवढंच.
ड्रिल खाली जातं, नळी वर येते,
मी माती कापून बरण्यांत भरते,
बरणीवर वेळ, खोली, माझी आद्याक्षरं.

रॉस्को पेटिफर्ड खोक्याएवढ्या केबिनमध्ये बसतो,
पायाशी हीटर, मांडीवर पावत्यांचं पुस्तक.
एकतीस वर्षं.
दोनशे गाड्यांची जागा, मंगळवारी चौदा गाड्या.
"आज किती खोल?"
"वीस फूट."
"मग अकरा फुटांवर तुला गुटमनचं हातमोज्यांचं खातं लागेल.
माझी आई तिथली फरशी पुसायची.
हातमोजा घालून बघू दिला नाही कधी,
विकत घ्या म्हणायचे, अंदाजाने."

समोर हॉटेल, बारा मजली, खिडक्यांना प्लायवूड.
नवव्या मजल्यावरून एक बर्च बाहेर झुकलाय,
मालक ॲरिझोनात, त्याला झाड उगवल्याचं ठाऊक नाही.
ते हॉटेल राहणार आहे म्हणे, निदान त्याचा चेहरा.
आमच्या बाजूला घरं, खाली दुकानं, मधे चौक.
कुंपणावर त्याचं चित्र लागलंय:
फुगा धरलेलं पोर, कुत्रं, कॉफी पिणारी बाई,
आणि झाडं, ज्यांच्या सावल्या
माणसांच्या सावल्यांच्या उलट पडल्यात.

वाचनालयातल्या सभेला मी मागे उभी होते.
बेला सोमोगीने हात वर केला,
आजोबांची बेकरी परत इथे काढायची म्हणाला,
भाडं विचारलं,
तर पडद्यावर पुढचं चित्र आलं.
हलिना प्शिबिल्स्का उठली, वय ब्याऐंशी:
"रविवारी मिसाला आल्यावर गाडी कुठे लावू?"
लोक हसले.
ती बसली नाही.
उत्तर मिळेपर्यंत उभी राहिली,
आणि उत्तर आलंच नाही, तेव्हा कोट घालून गेली.

मला स्वतःला इथे घर आवडेल, खोटं कशाला बोलू.
चौथ्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी.
माझ्या पगारात बहुतेक
चित्रातल्या कुत्र्याच्या जागी मावेन मी.

बोअर सात, अकरा फूट.
नळीतून एक फरशी निघाली, षट्कोनी, पांढरी, अख्खी.
मी धावत केबिनपाशी गेले.
रॉस्कोने चष्मा पुसला, उलटसुलट करून पाहिली.
"गुटमनकडे हिरवी होती," म्हणाला,
"ही कुठल्यातरी संडासातली."
आणि परत दिली.

चौदा फुटांवर नळी उघडली
तेव्हा वास आला. गोडसर, थंड,
नव्याने धुऊन आणलेल्या कोटाला येतो तसा.
शेजारी कधीकाळी ड्रायक्लीनर असणार,
त्याने सांडलं ते जमिनीने गिळलं
आणि पचवलं नाही.
मीटरचा काटा वर गेला, खाली यायचं नाव घेईना.

मला कळलं काय होणार ते.
प्रयोगशाळेला तीन आठवडे,
मग आणखी बोअर, मग वकील,
मग माती उपसणं, एक उन्हाळा, कदाचित दोन.
चित्रातला फुगा तोवर उन्हाने पांढरा पडेल.
पण निकालाआधी तोंड उघडायचं नाही,
तशी सही केलीय मी.

"काय निघालं?" रॉस्कोने लांबूनच विचारलं.
"माती," मी म्हटलं.

भोकात चिकणमाती ओतली, वर डांबराचा ठिगळ ठोकला.
दहा मिनिटांत त्यावर एक निळी फोर्ड उभी राहिली.

निघताना त्याने आमच्या ट्रकची पावती फाडली,
नऊ तास, अठरा डॉलर, सवलत नाही.
"उद्या आहात ना?"
"उद्या," मी म्हटलं, "परवाही."
मग काच वर घेता घेता, राहवलं नाही म्हणून,
"तुमचं पावत्यांचं पुस्तक संपत आलंय,
नवीन मागवून ठेवा."